मापाची खुर्ची, पक्कं बिल
(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं)

या वेळची पत्रं दिव्यांग मुलांच्या साधनांबद्दलची आहेत: खुर्ची, स्प्लिंट (हात-पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार), कानातलं यंत्र, आणि ती मिळवताना होणारी पायपीट. उत्तरं ऑर्थोटिस्ट (असे आधार बनवणारे), ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ), फिजिओथेरपिस्ट आणि ग्राहक कायद्याचं काम करणाऱ्यांनी मिळून दिली आहेत. एकाच आशयाची पत्रं आम्ही एकत्र केली.

प्रश्न : मुलगा ७ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी. बसवलं की डावीकडे कलतो. शिबिरात व्हीलचेअर मिळाली, पण ती मोठ्या माणसाची. "वाढंल तसा पुरंल" असं तिथं सांगितलं. तो खाली घसरतो आणि अर्ध्या तासात रडायला लागतो. उशा लावून भागेल का? (एक आई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

ताई, कपडे वाढत्या अंगाचे घेतात, खुर्ची नाही. मोठ्यांच्या घडीच्या खुर्चीची बैठक साधारण १८ इंच रुंद (४६ सेंमी) आणि १६ इंच खोल असते. सात वर्षांच्या बारीक मुलाचं नितंबांचं माप २४-२५ सेंमी भरतं. म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी वीत जागा रिकामी. ज्या बाजूचे स्नायू ओढतात त्या बाजूला तो कलणारच. खोली जास्त असल्यानं दुसरा त्रास होतो. पाठ टेकवली तर बैठकीची कड पोटरीत रुतते, म्हणून तो कंबर पुढे सरकवून घेतो. पाठीचं कुबड होतं, भार माकडहाडावर येतो. रडण्याचं कारण बहुधा हेच. असं महिनोन्महिने चाललं तर कणा वाकडा होण्याचा आणि खुब्याचा सांधा निसटण्याचा धोका वाढतो. जे मूल स्वतः चालत नाही, त्याच्या दोन्ही खुब्यांचा एक्स-रे वर्षातून एकदा काढून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावा. दुखत नसलं तरी दाखवावा.

सैल उशा कामाच्या नाहीत. त्या दाबल्या जातात, सरकतात, आणि मूल आणखी तिरकं होतं. आधी माप घ्या, मग सुताराकडे जा.

मापासाठी मुलाला पाटावर किंवा बाकावर बसवा. एकानं मागून धरावं, एकानं मोजावं, टेप शिंप्याची चालेल. नितंबांच्या दोन्ही बाजूंना दोन जाड वह्या उभ्या लावा आणि वह्यांमधलं अंतर मोजा, ही रुंदी. पाठीला पाटी उभी टेकवून पाटीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत मोजा, ही मांडीची लांबी. दोन्ही पायांची वेगळी घ्या, फरक असेल तर छोटी धरा. गुडघ्याच्या घडीपासून टाचेपर्यंत मोजा, रोजचे बूट किंवा स्प्लिंट घालून. शेवटी बैठकीपासून खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकापर्यंत.

आता हिशोब. खुर्चीची रुंदी म्हणजे नितंब अधिक २ सेंमी. खोली म्हणजे मांडी वजा ४ सेंमी, म्हणजे कड आणि पोटरी यांच्यात दोन बोटं जावीत. नितंब २४ आणि मांडी ३२ असेल तर बैठक २६ रुंद, २८ खोल हवी. तुमच्या हाती आलेली खुर्ची ४६ बाय ४०. पायठेव तळपाय पूर्ण टेकेल इतकीच खाली आणि जमिनीपासून निदान ५ सेंमी वर असावी. पाय लोंबकळले की मांडीवरचा ताण वाढतो आणि मूल पुन्हा पुढे घसरतं.

योग्य खुर्ची मिळेपर्यंत याच खुर्चीत आतली बैठक बसवता येते. खुर्चीचं रेक्झिन झोळीसारखं खाली बसलेलं असतं, त्यामुळे दोन्ही मांड्या आत वळतात. त्यावर १२ मिमी प्लायवूडची फळी टाका, गुडघ्याकडची कड गोल घासून घ्या. तिच्यावर ५ सेंमी कडक रीबॉन्डेड फोम, तो गादीवाल्याकडे तुकड्यातही मिळतो. मऊ स्पंज नको, दोन आठवड्यांत बसतो. पाठीमागेही अशीच फळी आणि फोम लावा. तिची जाडी एवढी ठेवा की पुढे उरलेली खोली तुमच्या २८ सेंमीवर येईल. दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागेत फोम चिकटवलेले लाकडी ठोकळे फळीलाच स्क्रूनं बसवा, म्हणजे सरकणार नाहीत. वरून सुती खोळ. रेक्झिन उन्हाळ्यात अंगाला चिकटतं आणि घामोळं येतं.

पट्ट्याबद्दल मात्र चूक करू नका. पहिला पट्टा कमरेचा. तो पोटावर आडवा बांधायचा नसतो, मांडी आणि धड जिथे मिळतात तिथून मागे-खाली, ४५ अंशांच्या कलानं ओढायचा. कमरेचा पट्टा न लावता नुसता छातीचा पट्टा कधीही बांधू नका. मूल खाली घसरतं आणि पट्टा गळ्याशी येतो. हा जिवाचा प्रश्न आहे.

ही तात्पुरती सोय. मागायचं साधन वेगळं आहे, त्याला 'सीपी चेअर' (सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी) म्हणतात: बाजूचे आधार, डोक्याचा आधार, मांड्यांमधला ठोकळा आणि मागे कलणारी बैठक. वाटप करणाऱ्या संस्थेला आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण अधिकाऱ्यांना एकच अर्ज द्या: मुलाची मापं, मिळालेल्या खुर्चीची मापं, "साधन मापाचं नाही, बदलून द्यावं", आणि मूल खुर्चीत बसलेलं असताना समोरून व बाजूनं काढलेले दोन फोटो. पोच घ्या. तोंडी तक्रारीचं काही होत नाही.

घरात सगळे जमिनीवर बसून जेवतात, तेव्हा याला मात्र उंच खुर्चीत ठेवलं जातं. त्यासाठी कोपऱ्याची बैठक करून घ्या: काटकोनात जोडलेल्या दोन उभ्या फळ्या, खाली बुड, मांड्यांमध्ये ठोकळा. गावचा सुतार अर्ध्या दिवसात करतो. व्हीलचेअरपेक्षा ती जास्त वापरली जाते, असा आमचा अंदाज आहे.

प्रश्न : एकाच मापाच्या व्हीलचेअरला नागपुरात दोन दुकानांत दोन भाव सांगितले, ऑनलाइन तिसराच. सरकारनं भाव बांधून दिलेला नाही का? (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

नाही. हृदयातल्या स्टेंटचे आणि गुडघ्याच्या इम्प्लांटचे कमाल भाव २०१७ मध्ये ठरवले गेले, व्हीलचेअरचे ठरलेले नाहीत. नियंत्रण आहे ते दुसऱ्या प्रकारचं, आणि त्याची मर्यादा समजून घ्यायला हवी.

११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनं १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्यानं 'औषध' ठरली. त्या व्याख्येत अपंगत्वासाठी साहाय्य करणारी साधनंही येतात. याचे दोन परिणाम झाले. उत्पादकाला केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेकडे नोंदणी करावी लागते. आणि औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ नुसार छापील कमाल किंमत १२ महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. पण पहिली किंमत किती छापायची, हे कंपनीच ठरवते. म्हणून छापील किंमत फुगवून "निम्म्या किमतीत" देणारं दुकान कायदा मोडत नाही. सूट किती टक्के आहे याकडे पाहूच नका, हातात किती रुपयांना पडते ते पाहा.

भाव विचारताना "मुलांची व्हीलचेअर" एवढंच सांगू नका, नाहीतर तीन दुकानदार तीन वेगळ्या वस्तूंचे भाव सांगतील. बैठकीची रुंदी-खोली सेंटिमीटरमध्ये, चौकट लोखंडी की ॲल्युमिनियमची, खुर्चीचं वजन, हातटेकू निघतात का, पायठेव वर-खाली होते का, पुढचं चाक किती इंची, टायर हवेचं की भरीव, हे कागदावर लिहा आणि तोच कागद तिन्ही ठिकाणी दाखवा. मग विचारा: पुढचं चाक, ब्रेक आणि पायठेव सुटे मिळतात का, किती दिवसांत? ऑनलाइन स्वस्त मिळालेली खुर्ची इथंच महाग पडते. एक प्लास्टिकचा पायठेव तुटला तरी ती खुर्ची अडगळीत जाते.

पक्कं बिल घ्या. त्यावर मॉडेल, बॅच किंवा अनुक्रमांक आणि वॉरंटीचा काळ हवा. व्हीलचेअरवर जीएसटी ५ टक्के आहे, श्रवणयंत्रावर शून्य. बिलावर जास्त दर लावलेला दिसला तर तिथंच विचारा. "बिल नको, कर वाचवतो" म्हणणाऱ्याकडून पाच टक्के वाचतील, पण वॉरंटी आणि तक्रारीचा हक्क दोन्ही जातील.

छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं, सदोष माल दिला किंवा वॉरंटी नाकारली, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथं सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे दुकान नागपूरचं असलं तरी तक्रार वर्ध्यात चालते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत २ वर्षं. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. साधनामुळे मुलाला इजा झाली असेल तर वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ वर कळवा. तिथून भरपाई मिळत नाही, पण तोच दोष असलेलं साधन दुसऱ्या घरात जाण्याआधी नोंद होते.

प्रश्न : अडीच वर्षांच्या मुलीला पाय कडक आहेत. बाजारातलं गोल वॉकर आणलं तर चालायला शिकेल का? (ता. मूल, जि. चंद्रपूर)

नाही. त्या वॉकरमध्ये मूल झोळीत लटकतं आणि चवड्यांनी जमीन ढकलतं. ज्या मुलांचे पाय आधीच कडक आहेत त्यांना नेमकी हीच सवय नको असते. शिवाय उंबरठ्यावर ते उलटतं. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, आपल्याकडे जत्रेतही मिळतं. मुलीला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्या. अंगणवाडीत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथलं संदर्भपत्र देतं. तिथं उभं राहण्याची चौकट, मागून धरायचा वॉकर किंवा स्प्लिंट यांपैकी काय हवं ते ठरेल.

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची. मागच्या वर्षी शासनाकडून कॅलिपर मिळालं, ते आता आखूड झालं. "तीन वर्षं नवं मिळत नाही" म्हणतात. शिवाय प्रमाणपत्र तात्पुरतं आहे, असंही कारण देतात. (ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

दोन्ही कारणं चुकीची आहेत. १९८१ पासून चालत आलेल्या केंद्राच्या 'एडिप' योजनेत त्याच कामासाठी पुन्हा साधन घ्यायला ३ वर्षांची अट आहे खरी, पण १२ वर्षांखालच्या मुलांना ती १ वर्षाचीच आहे. वाढत्या हाडांना तीन वर्षं थांब म्हणता येत नाही, हे योजना लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. शिबिरातल्या टेबलापर्यंत ती ओळ पोचत नाही. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांची प्रत सोबत ठेवा आणि त्या वाक्याखाली रेघ मारून दाखवा. तात्पुरत्या प्रमाणपत्राचं म्हणाल, तर त्यावर छापलेली मुदत संपेपर्यंत ते पूर्ण चालतं. लहान मुलांची स्थिती बदलत असते म्हणून तसंच दिलं जातं. मुदतीच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणाला टाका.

लागणारे कागद: ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व दाखवणारं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), आधार, फोटो, आणि पालकांच्या उत्पन्नाचा दाखला. तहसीलदारांचा दाखला कुठेच अडत नाही. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. कार्डाचा रंग पाहून गोंधळू नका: २०२४ च्या नियमांनुसार ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं.

मुलगी शाळेत जात असेल तर दुसरी वाटही आहे. समग्र शिक्षा अभियानात तालुक्याच्या गटसाधन केंद्रावर मोजमाप शिबिर होतं. साधनं बहुतेक कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीची असतात, खर्चाचा ६० टक्के वाटा एडिपचा आणि ४० टक्के समग्र शिक्षाचा. मुख्याध्यापकांना आणि तालुक्याच्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना मुलीचं नाव यादीत आहे का, हे जूनमध्येच विचारा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम १७(छ) मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या उपकलम 'जी' मध्ये, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत योग्य साधनं विनामूल्य पुरवणं हे शासनाचं काम म्हणून लिहिलं आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख करा. नकार आला तर लेखी मागा आणि तो जोडून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार पाठवा. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

शिबिराची एक खोच मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. मोजमाप एका शिबिरात होतं, वाटप दुसऱ्यात, आणि मध्ये काही महिने जातात. तेवढ्यात मूल वाढतं. वाटपाच्या दिवशी सही करण्याआधी साधन घालून पाहा. गर्दी असते, मंडपात भाषणं चाललेली असतात, नाव पुकारलं की फोटो काढून पुढे सरकवतात. तरी घालून पाहा. बसत नसेल तर पावतीवर "माप जुळत नाही" असं लिहूनच सही करा.

ग्रामपंचायतीच्या ५ टक्के निधीबद्दलही या पत्रात विचारलं आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. लहान गावाचं घरपट्टी-पाणीपट्टीचं उत्पन्नच एवढंसं असतं की त्यातून खुर्ची येत नाही. पण दुरुस्ती, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, शाळेचा उतार, यासाठी तो पुरतो. गेल्या वर्षी तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारा. उत्तर मिळालं नाही तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात मागा. सतरंज्या आणि खुर्च्या घेतल्याचं निघालं तर नवल नाही.

प्रश्न : पायाच्या प्लास्टिक स्प्लिंटनं घोट्याजवळ फोड आला. घरी गरम सुरीनं थोडं कापून घेतलं तर चालेल का? दुसरं, हाताचं स्प्लिंट मे महिन्यात आपोआप वाकडं झालं. (ता. चिमूर, जि. चंद्रपूर)

कापू नका. कापलेली कड धारदार होते आणि तिथून स्प्लिंट चिरत जातं. फोड भरेपर्यंत स्प्लिंट बंद ठेवा, मग कारण शोधा.

बऱ्याचदा दोष प्लास्टिकचा नसतो, बांधण्याचा असतो. मुलाला बसवून गुडघा वाकवा, टाच मागे आणि खाली पूर्ण टेकली का ते पाहा, आणि सगळ्यात आधी घोट्यावरचा तिरका पट्टा आवळा. पोटरीचा पट्टा नंतर. बहुतेक घरांत पोटरीचा पट्टा आधी बांधतात. मग टाच वर उचललेलीच राहते आणि प्रत्येक पावलाला घोटा घासतो. टाच दाबूनही टेकत नसेल तर पोटरीचा स्नायू आखडला आहे. अशा पायावर स्प्लिंट जबरदस्तीनं घालू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

कुठे दाबतं ते नेमकं कळायला कुंकू वापरा. फोड पूर्ण भरल्यावर घोट्याच्या दोन्ही हाडांवर, टाचेच्या मागे, पायाच्या आतल्या कडेच्या उंचवट्यावर आणि करंगळीच्या मुळाशी ओल्या कुंकवाचा ठिपका लावा. मोजा न घालता स्प्लिंट बांधून दोन मिनिटं उभं करा आणि काढा. प्लास्टिकवर जिथे गडद ठसा उमटला तिथे दाब आहे. ठशाभोवती पेनानं गोल काढून ऑर्थोटिस्टकडे न्या. तो हीट गननं तेवढाच भाग बाहेर फुगवतो, काम काही मिनिटांचं असतं. तपासणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. १९९२ च्या कायद्यानं ती नोंदणी सक्तीची आहे.

नवं स्प्लिंट पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज थोडं वाढवत आठवड्याभरात पूर्ण वेळ. आत पातळ सुती मोजा, शिवणीची बाजू बाहेर. काढल्यावर आलेली लाली २०-३० मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर दाबतं आहे असं समजा. बूट एक नंबर मोठा लागेल. बोटं पुढच्या कडेबाहेर आली की स्प्लिंट संपलं. लहान मुलांत हे ६ ते १२ महिन्यांत होतं. वेल्क्रो आणि रिव्हेट गावचा चांभारही बदलून देतो, त्यासाठी तालुक्याला जायची गरज नाही.

हाताच्या स्प्लिंटचं वेगळं आहे. ते बहुधा कमी तापमानाला मऊ होणाऱ्या प्लास्टिकचं असतं, गरम पाण्यात बुडवून थेट हातावरच घडवतात. साधारण ६० ते ७० अंशांना ते पुन्हा मऊ पडतं. बाहेर पारा ४५ च्या वर गेला की बंद गाडीत, मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा तापलेल्या टिनपत्र्याला टेकून ठेवलेलं स्प्लिंट तेवढं तापतं. ते माठाजवळ ठेवा, धुवा गार पाण्यानंच. वाकडं झालेलं घरी सरळ करू नका, अंगठ्याचा कोन बिघडतो.

प्रश्न : ४ वर्षांच्या मुलाला एकाच कानाला यंत्र दिलं, ते सारखं शिट्टी वाजवतं आणि पावसाळ्यात बंद पडतं. चष्म्याच्या दुकानात स्वस्त यंत्र मिळतं, ते घ्यावं का? (ता. रिसोड, जि. वाशिम)

घेऊ नका. यंत्र कानाच्या तपासणीनुसार संगणकावर जुळवावं लागतं. लहान मुलाची तपासणी 'बेरा'नं होते (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी चाचणी), आणि आलेख पाहिल्याशिवाय यंत्र विकणारा नुसता आवाज वाढवणारी डबी विकतो. जास्त आवाजानं उरलेलं ऐकणंही जाऊ शकतं. दोन्ही कानांना दोष असेल तर यंत्रं दोन लागतात. एकच का दिलं, हे ऑडिओलॉजिस्टला लेखी विचारा.

शिट्टी वाजते ती बहुतेक वेळा यंत्रामुळे नाही, कानातल्या साच्यामुळे. कान वाढतो, साचा सैल होतो, आवाज बाहेर निसटून परत माइकमध्ये शिरतो. या वयात साचा ३ ते ६ महिन्यांनी बदलावा लागतो. शिट्टी थांबावी म्हणून आवाज कमी करून ठेवतात, आणि मग यंत्र कानात असूनही मूल ऐकत नाही.

पावसाळ्यात नळीत पाण्याचे थेंब साचतात. नळीकडे नीट पाहा, बारीक मोत्यांसारखे दिसतील. साचा यंत्रापासून वेगळा करा आणि रबरी फुग्यानं हवा मारा. तोंडानं फुंकू नका, ओल वाढते. रात्री बॅटरीचं दार उघडून यंत्र झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. खड्यांचा रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. यंत्र मात्र उन्हात वाळवायचं नाही.

बॅटरी झिंक-एअर प्रकारची असते. मुलांच्या कानामागच्या यंत्रांत बहुधा १३ नंबर (नारिंगी स्टिकर) किंवा ६७५ (निळं). स्टिकर काढल्यावर दोन मिनिटं उघडी ठेवून मग आत घाला. स्टिकर काढला की ती वापरा किंवा ठेवा, खर्च होतेच. म्हणून पाकिटातल्या सगळ्या एकदम उघडू नका. मुलानं बॅटरी गिळली तर वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा. अन्ननलिकेत अडकली तर काही तासांत जखम होते.

रोज सकाळी एक मिनिटाची चाचणी करा. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून नेहमीच्या आवाजात सहा ध्वनी म्हणा: आ, ई, ऊ, म, स, श. प्रत्येक आवाजाला त्यानं मणी डब्यात टाकायचा. काल 'स' ऐकू आला आणि आज नाही, तर बिघाड आजचा आहे: बॅटरी, नळी किंवा साचा. तज्ज्ञाकडे जाताना हे लिहून न्या.

यंत्राचा फायदाच होत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेनं कानात बसवायच्या यंत्राचा) विचार लवकर व्हायला हवा. एडिपमध्ये त्याचा खर्च मिळतो, अर्ज मुंबईच्या अली यावर जंग संस्थेमार्फत जातो, पण वयाची मर्यादा ५ वर्षं आहे. तुमच्याकडे वर्षभरही उरलेलं नाही, म्हणून हे काम या आठवड्यात सुरू करा.

प्रश्न : खुर्ची शेताच्या रस्त्यानं न्यावी लागते. बाभळीच्या काट्यांनी पंक्चर, चिखलात पुढची चाकं रुततात, सगळीकडे गंज. गावात काय दुरुस्त होतं? (ता. दर्यापूर, जि. अमरावती)

मागचं चाक २४ इंची असेल तर ट्यूब-टायर बहुतेक सायकल दुकानात मिळतं. फक्त टायरच्या कडेवर छापलेलं माप लिहून न्या. जुनं टायर कडा कापून आत पट्टीसारखं घातलं की काटे बरेच अडतात. भरीव टायर पंक्चर होत नाही, पण दगडी रस्त्यावर सगळा हादरा मुलाच्या पाठीत जातो. कणा नाजूक असेल तर आम्ही हवेचंच सुचवतो. हवा कमी झाली की ब्रेकही ढिला पडतो, कारण ब्रेकचा दांडा टायरलाच टेकतो. म्हणून ब्रेक कसण्याआधी हवा भरा.

काळ्या मातीत खुर्ची पुढे ढकलू नका. वळवा आणि मोठी चाकं पुढे करून उलटी ओढा. छोटी चाकं घेताना ८ इंची, रुंद पट्ट्याची घ्या. चाक धरणारा चिमटा आणि चाक यांच्यातला चिखल ओला असतानाच काडीनं काढा, वाळला की विटेसारखा होतो आणि बेअरिंग अडतं. बेअरिंग खराब झालं तर त्याच्या कडेला कोरलेला क्रमांक पाहा. त्याच क्रमांकाचं मोटरपंप दुरुस्तीवाल्याकडे मिळू शकतं.

तुमचा भाग खारपाणपट्ट्याचा, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं. बोअरच्या पाण्यानं खुर्ची धुतली तर गंज लवकर चढतो. ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्या. घडीच्या जोडावर महिन्यातून एकदा सायकलचं तेल दोन थेंब, आणि बैठकीखालचे स्क्रू कसा. रेक्झिन फाटतं ते तिथूनच.

लोखंडी चौकटीची तडा गेलेली नळी गावात वेल्डिंग होऊ शकते. आधी रेक्झिन आणि फोम काढा, नाहीतर पेट घेतील. ॲल्युमिनियमच्या चौकटीला साध्या आर्क वेल्डिंगनं हात लावू देऊ नका. पुढच्या चाकाचा चिमटा लोखंडी असला तरी वेल्ड करायचा नाही, बदलायचा. तो उतारावर तुटला तर मूल तोंडावर पडतं. दुरुस्तीनंतर मुलाला बसवण्याआधी तेवढ्याच वजनाचं धान्याचं पोतं खुर्चीत ठेवा आणि सपाट अंगणात हलकं ढकलून सोडा. चार-पाच हात सरळ गेली तर ठीक. एका बाजूला वळली तर चौकट पिळली आहे, दुरुस्ती पुन्हा करून घ्या.